सगळ्या दिशांनी शून्यच येतंय, तरी लिमिट नाही म्हणतात. असं कसं?

जांबोटी_जुई

नमस्कार मंडळी. मी बेळगावात आत्याकडं राहून बी.एस्सी. करतेय. दहावीपर्यंत गावातच मराठी शाळा, पीयूपासून, म्हणजे अकरावीपासून, सगळं इंग्रजीत. गणित आवडतं म्हणून घेतलंय, कुणी बळजबरी केलेली नाही. पण परवाच्या टेस्टमध्ये एका गणिताला भोपळा मिळाला आणि दोन दिवस झाले ते डोक्यातून जात नाहीये.

गणित असं आहे. फ(क्ष, य) = क्ष²य / (क्ष⁴ + य²). क्ष आणि य दोन्ही शून्याकडं जाताना लिमिट काढा, म्हणजे फ ची किंमत कुठल्या एका आकड्याकडं जाते ते सांगा, नसेल तर नाही म्हणून दाखवा.

मी काय केलं, य = मक्ष घातलं. वर मक्ष³ आलं, खाली क्ष⁴ + म²क्ष². क्ष² नं भागलं की मक्ष / (क्ष² + म²) उरतं, आणि क्ष शून्याकडं गेला की हे शून्य, म काही का असेना. म शून्य धरला तर वरचा भागच शून्य. उभ्या अक्षावरून आलं तरी शून्य. एकही दिशा सोडली नाही, म्हणून लिहिलं लिमिट शून्य. सरांनी लाल शाईनं काट मारून "डझ नॉट एक्झिस्ट" लिहिलंय. विचारायला गेले तर म्हणाले पॅराबोला घालून बघ. बघितलं. य = क्ष² घातलं तर वर क्ष⁴, खाली २क्ष⁴, म्हणजे १/२. इथंपर्यंत कळलं.

कळत नाही ते पुढचं. पॅराबोलावरून येणारा माणूसपण शेवटी कुठल्या तरी दिशेनंच येतो की? तो तर आडव्या अक्षाला चिकटूनच येतो, आणि त्या अक्षावर सगळीकडं शून्य आहे. मग हा १/२ आला कुठनं? कुणीतरी मराठीत समजावून सांगा प्लीज, इंग्रजीत चार व्हिडिओ बघून झाले.

निपाणी_नाका

जुई, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. पीयूला आपण जे लिमिट शिकलो ते एका चलाचं. बेळगाव स्टेशनच्या फलाटावर उभी राहा, गाडी येणार ती एक तर लोंढ्याकडून नाहीतर मिरजेकडून, तिसरी बाजूच नाही. दोन्हीकडून किंमत जुळली की विषय संपला. दोन चलं आली की तू रुळावर नाहीस, उघड्या माळावर उभी आहेस, आणि माळावर माणूस कुठनंही येतो. पायवाटेनं येतो, वाकडातिकडा येतो, बांधाबांधानं येतो. तू फक्त सरळ चालणारे मोजलेस.

चिकोडी_एक्सप्रेस

एवढं कशाला डोकं पिकवायचं, पोलर घालायचं की! र म्हणजे मूळबिंदूपासूनचं अंतर, थीटा म्हणजे कोन, क्ष = र कॉस थीटा, य = र साइन थीटा, मग र शून्याकडं. इंजिनिअरिंगला मी सगळी लिमिटं अशीच सोडवली, सगळी बरोबर आली.

अथणीकर_उमा

@चिकोडी_एक्सप्रेस, घालून बघा हो याच गणितात. र कॉस²थीटा साइनथीटा / (र² कॉस⁴थीटा + साइन²थीटा) येतं. थीटा एक कुठलातरी धरून ठेवला आणि र शून्याकडं नेला की शून्य. म्हणजे पोलरनंही जुईचंच चुकलेलं उत्तर आलं. थीटा कायम धरायचा म्हणजे सरळ रेषेवरूनच यायचं, रेषेचं फक्त नाव बदललं. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना हा विषय शिकवते, दरवर्षी निम्मा वर्ग हितंच पडतो, त्यामुळं जुई तू मनाला लावून घेऊ नकोस.

चिकोडी_एक्सप्रेस

अरेच्चा. खरंच की. मग आमची सगळी गणितं बरोबर कशी यायची?

येळ्ळूर_मास्तर

त्याचं उत्तर नंतर येईल, आधी जुईचा प्रश्न. बाळ, तू विचारलंस तो १/२ आला कुठनं. मी शाळेत गणित शिकवून रिटायर झालो, हे शिकवायची वेळ कधी आली नाही, पण कॉलेजात याच गणितावर माझे चार दिवस गेले होते म्हणून सांगतो.

फ म्हणजे जमिनीची उंची समज. क्ष आणि य म्हणजे शिवारातली जागा. या शिवारात एक बांध आहे, बांधाचा माथा सगळीकडं बरोबर अर्धा मीटर उंच. तो सरळ नाही, य = क्ष² या वळणानं जातो आणि जाता जाता थेट मूळबिंदूला भिडतो. कुठंही ठेंगणा होत नाही. फक्त मूळबिंदूजवळ जाईल तसा तो अरुंद होत जातो आणि आडव्या अक्षाला खेटत जातो.

आता तू एका सरळ रेषेवरून मूळबिंदूकडं चालत ये. चढ म आहे समज. तुझं सूत्र मक्ष / (क्ष² + म²) आहे ना? त्यात क्ष = म घाल. वर म², खाली २म², उत्तर १/२! म्हणजे (म, म²) या जागी तू बांधावर चढलीस. तिथनं पुढं उतार लागतो आणि मूळबिंदूपर्यंत तू शून्यावर येतेस. प्रत्येक रेषा त्या बाजूचा बांध एकदाच ओलांडते आणि मग खाली उतरते, म्हणून प्रत्येक रेषेवर शेवटी शून्य. पण कमी चढाची रेषा घेशील तसा बांध ओलांडायची जागा मूळबिंदूच्या जवळ जवळ सरकते. चढ १/१० असेल तर क्ष = १/१० ला, चढ १/१०० असेल तर क्ष = १/१०० ला. बांध काही संपत नाही. आणि जो माणूस बांधाच्या माथ्यावरूनच चालत येतो तो शेवटपर्यंत अर्धा मीटर उंचच राहतो.

तू म्हणतेस तो आडव्या अक्षाला चिकटून येतो. दिशा तीच, पण जागा ती नाही. अक्षावर खोलगा आहे, शेजारी बांध आहे, आणि दोन्हीतलं अंतर क्ष² एवढंच.

जांबोटी_जुई

मास्तर!! कॅल्क्युलेटर घेऊन बसले लगेच. क्ष = ०.०१, य = ०.०००१ घातलं तर ०.५. तोच क्ष ठेवून य = ० घातलं तर ०. आणि तोच क्ष ठेवून य = ०.०१, म्हणजे ४५ अंशाच्या रेषेवर, तर ०.००९९९. तीन जागा, तिन्ही मूळबिंदूच्या इतक्या जवळ, आणि एक अर्ध्यावर. बांध डोळ्यासमोर आला. आमच्या रानात ओढ्याकडं जाणारा बांध अस्साच वळत जातो.

मग आता पुढची शंका. रेषा बघितल्या, पॅराबोला पण बघितले, क्युबिक पण बघितले आणि सगळीकडं एकच उत्तर आलं, तर मग तरी लिमिट आहे म्हणता येईल का?

अथणीकर_उमा

नाही येणार. हे बघ, य · ई^(−१/क्ष²) / (य² + ई^(−२/क्ष²)). यात क कुठलाही आकडा धरून य = कक्ष, कक्ष², कक्ष³, कितीही मोठा घात घाल, दरवेळी शून्य येणार, कारण ई^(−१/क्ष²) हे क्ष च्या कुठल्याही घातापेक्षा लवकर विरतं. आणि य = ई^(−१/क्ष²) घातलं की १/२. बांध आहेच, फक्त अक्षाला इतका खेटलाय की कुठलाच पॅराबोला त्याच्यावर टिकत नाही.

खडेबाजार_कट्टा

गणितातलं मला फारसं कळत नाही पण धागा वाचून मजा येतेय. एक विचारू का, लिमिटला मराठी पुस्तकात सीमा म्हणतात ना? आपल्याकडं सीमा म्हटलं की बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तो १ नोव्हेंबर १९५६ च आठवतो बघा. आमच्या घरात "सीमा" शब्द निघाला की आजोबा तासभर थांबत नसत.

गोकाक_धबधबा

आमच्याकडं कन्नडात लिमिटला मिती म्हणतात, आणि फंक्शनला उत्पन्न! माझी आई मराठी, वडील कन्नड, त्यामुळं घरात अभ्यासाच्या वेळी "उत्पन्नाची सीमा" असं काहीतरी ऐकू यायचं आणि आजीला वाटायचं इन्कम टॅक्सचं चाललंय. 😄

येळ्ळूर_मास्तर

वा! पण शब्दावरून एक कामाची गोष्ट निघते. मराठीत फंक्शनला फल म्हणतात, आणि कंटिन्युइटीला सातत्य. सातत्य म्हणजे त्या जागेची स्वतःची किंमत आणि तिची सीमा, दोन्ही एकच असणं. सीमा काढताना त्या जागेवर काय आहे ते बघायचंच नाही, फक्त आजूबाजूला बघायचं. सातत्य तपासताना मग त्या जागेवर पाय ठेवायचा. जुईच्या फलाला मूळबिंदूवर शून्य किंमत द्या, अर्धा द्या, काहीही द्या, सातत्य येणार नाही, कारण बांध आणि खोलगा दोन्ही तिथंच भिडतात. ज्याला सीमा आहे पण किंमत चुकीची दिलीय ते फल दुरुस्त करता येतं. याला दुरुस्ती नाही.

निपाणी_नाका

गोकाकवरून आठवलं, धबधब्याच्या माथ्यावर उंची एका पावलात ५२ मीटर खाली जाते. ते डिस्कंटिन्युअसचं सोपं उदाहरण, तिथं कडा दिसते तरी. जुईच्या उदाहरणात एका बिंदूपुरताच गोंधळ, बाकी सगळं शिवार गुळगुळीत.

अनगोळची_काकू

मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. धारवाडला एम.एस्सी. केलं १९९४ ला, तेव्हा बेळगावची कॉलेजं धारवाडच्याच विद्यापीठाखाली होती. नंतर संसारात नोकरी राहून गेली पण गणिताच्या वह्या अजून माळ्यावर आहेत आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी मी त्या उघडून बसते.

मला एक सांगायचंय, आणि मास्तरांचा बांध मला फार आवडला तरीही सांगते. वाटेवरून यायचं ही भाषा लिमिट नाही हे दाखवायला चांगली. दोन वाटांवर दोन उत्तरं आली की झालं. पण लिमिट आहे हे दाखवायला वाटा मोजून कधीच भागत नाही, उमाताईंनी दाखवलंच. वाटा संपतच नाहीत. तिथं वाट सोडून द्यायची आणि दावं हातात घ्यायचं.

मूळबिंदूवर खुंटी ठोका, शेळी बांधा. समोरचा माणूस सांगतो, किंमत शून्यापासून एवढ्याच्या आत पाहिजे. तो एप्सिलॉन. तुम्ही दाव्याची लांबी ठरवायची. तो डेल्टा. त्या दाव्यात शेळी कुठंही जाऊ दे, सरळ जाऊ दे, गोल फिरू दे, उड्या मारू दे, ती जिथं उभी असेल तिथली किंमत समोरच्यानं सांगितलेल्या हद्दीतच पाहिजे. फक्त खुंटीवर उभी राहिली तर ते धरायचं नाही. समोरचा हद्द कमी कमी करत जाईल, तुम्ही दरवेळी दावं आखूड करून दाखवायचं. दरवेळी जमलं तर लिमिट आहे.

जुईच्या गणितात समोरच्यानं १/४ सांगितलं की तुम्ही हरला. दावं १/१००० एवढं आखूड केलंत तरी शेळी क्ष = १/२०००, य = १/४०००००० वर जाऊन उभी राहते, ती जागा दाव्याच्या आत आहे आणि तिथं उंची १/२.

आणि जमतं ते कसं, तेही बघा. क्ष²य / (क्ष² + य²). खाली घात चार नाही, दोन आहे. क्ष² हा क्ष² + य² पेक्षा कधीच मोठा नाही, म्हणून क्ष² / (क्ष² + य²) हा शून्य ते एकच्या मधला अपूर्णांक. त्याला य नं गुणलंय. म्हणजे सगळ्याची किंमत, चिन्ह सोडून, य पेक्षा जास्त नाही, आणि य हा खुंटीपासूनच्या अंतरापेक्षा जास्त नाही. समोरचा जेवढा एप्सिलॉन सांगेल तेवढंच दावं बांधायचं. यात एकही वाट काढावी लागली नाही.

जांबोटी_जुई

काकू, दावं!! एप्सिलॉन डेल्टाची व्याख्या मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलीपण आहे, पण त्यातला कोण कुणाला काय सांगतो हे आज कळलं. व्याख्येत "फॉर एव्हरी एप्सिलॉन" आधी येतं ते समोरचा आधी बोलतो म्हणून!

अनगोळची_काकू

होय गं बाळे. दावं त्याच्यानंतर.

अथणीकर_उमा

काकू, उद्या वर्गात मी शेळी नेणार. आणि @चिकोडी_एक्सप्रेस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं बघा. काकूंच्या उदाहरणात पोलर घातलं तर र कॉस²थीटा साइनथीटा येतं. कॉस आणि साइन दोन्ही एकच्या आत, म्हणजे थीटा कुठलाही असू दे, किंवा चालता चालता बदलत राहू दे, किंमत र च्या आतच. र ची हद्द थीटावर अवलंबून नाही, तेव्हा पोलर शंभर टक्के चालतं. तुमची गणितं बरोबर आली ती तसली होती म्हणून. जुईच्या गणितात खालचा साइन²थीटा थीटाबरोबर शून्याकडं जाऊ शकतो, तिथंच फसगत.

चिकोडी_एक्सप्रेस

आता लख्ख कळलं. वीस वर्षांनी कळलं पण कळलं. अजून एक, आम्ही कधीकधी आधी य शून्यावर न्यायचो, मग क्ष. एकेक करून. ते चालतं का?

अथणीकर_उमा

(क्ष² − य²) / (क्ष² + य²) घ्या. आधी य शून्यावर नेला तर क्ष²/क्ष², म्हणजे १. आधी क्ष नेला तर −१. नुसता क्रम बदलला आणि उत्तर फिरलं. आणि दोन्ही क्रमांनी उत्तर सारखं आलं म्हणून लिमिट असेलच असंही नाही, क्षय / (क्ष² + य²) मध्ये दोन्हीकडून शून्य येतं आणि लिमिट नाही.

या शेवटच्या उदाहरणामागं मोठी गोष्ट आहे. कोशी, ज्यानं कॅल्क्युलसला शिस्त लावली, त्यानं १८२१ साली लिहून ठेवलं होतं की फलाला प्रत्येक चलात वेगवेगळं सातत्य असेल तर सगळी चलं एकत्र धरूनही सातत्य असतं. ते चूक होतं. य एका जागी धरून ठेवा आणि मूळबिंदूवर किंमत शून्य द्या, तर क्षय / (क्ष² + य²) हे क्ष मध्ये कुठंही तुटत नाही, य मध्येही नाही. एकत्र घेतलं की मूळबिंदूवर तुटतं. १८८४ साली इटलीच्या पिआनोनं हेच उदाहरण दिलं. कोशीसारख्या माणसाचं जिथं चुकलं तिथं जुई एका टेस्टमध्ये चुकली तर काय झालं!

उद्यमबाग_फौंड्री

आमच्याकडचं एक सांगतो. फौंड्रीत आतला कोपरा धारदार ठेवला की तिथं धातू उशिरा थंड होतो, पोकळी धरते, कधी तडा जातो, म्हणून पॅटर्नला कोपऱ्यात फिलेट, म्हणजे गोलाई, देतात. ट्रेनिंगमध्ये कोपऱ्याच्या तापमानाचं एक सोपं गणित दिलं होतं. काटकोनात मिळणाऱ्या दोन भिंती, एक कायम ० अंशावर ठेवलीय, दुसरी १०० अंशावर, मधल्या जागेचं तापमान स्थिर झालंय. किती? उत्तर फक्त कोनावर अवलंबून निघतं, थंड भिंतीपासून ४५ अंशावर ५०, ३० अंशावर ३३.३. अंतराचा संबंधच नाही! मग ऐन कोपऱ्यात किती? ज्या दिशेनं जाल तेवढं. त्यावेळी सर म्हणाले कोपऱ्यात लिमिट नाही आणि आम्ही मान हलवली, समजलं आज. खऱ्या भट्टीत दोन भिंती अशा एका टोकावर ० आणि १०० राहूच शकत नाहीत, तापमान मधेच मिसळतं, पण कागदावरचं गणित असंच आहे.

खडेबाजार_कट्टा

हे भारी आहे. म्हणजे कोपऱ्यात बोट ठेवलं तर थंड का गरम हे बोट कुठनं आणलं त्यावर.

उचगाव_शिवार

दोन दिवस धागा वाचतोय, आज मुलीबरोबर एक करून बघितलं ते सांगतो. उमाताईंचं क्षय / (क्ष² + य²) घेतलं. पोलर घातलं की र उडून जातो, कॉस थीटा साइन थीटा, म्हणजे अर्धा साइन दोन थीटा उरतो. एका दिशेला एकच उंची, जवळ असो की लांब. मुलगी म्हणाली मग प्रत्येक दिशेला एक आडवी काडी लावली की झालं. घरात रताळी होती, हंगामच आहे. वीतभरापेक्षा लांब, सरळ असं एक रताळं निवडलं, बूड कापून पाटावर उभं केलं, मधोमध खूण केली ती शून्य. उंची वाढवून १० सेंटीमीटर गुणिले साइन दोन थीटा धरली. खराट्याच्या काड्या आरपार घालायच्या, कारण उलट्या दिशेलाही उंची तीच येते. दर १५ अंशाला एक, अशा १२ काड्या पुरतात. ० अंशाला खुणेवर, १५ ला ५ सेंटीमीटर वर, ३० ला ८.७, ४५ ला १०, मग परत ८.७, ५, ९० ला खुणेवर, आणि पुढं तेवढंच खाली. एकाच उंचीला दोन दोन काड्या येतात त्या एकमेकींना आडव्या येतात, म्हणून दुसरी केसभर खाली घुसवली.

झाल्यावर लांबून बघितलं तर एक पिळवटलेला जिना दिसतो. मुलीनं मुंगी सोडली काडीवर. मुंगी काडीवरून आत चालत आली ती सरळ आडवी, ना चढ ना उतार, आणि रताळ्याला टेकली. दुसऱ्या काडीवर सोडली तर दुसऱ्याच उंचीला टेकली. मुलगी आठवीत आहे, ती म्हणाली, "बाबा, मधे उंची एक नाहीच, अख्खं रताळं आहे." मी गप्प झालो.

येळ्ळूर_मास्तर

शिवार, तुमच्या मुलीला माझ्याकडून शाब्बासकी सांगा. खुणेपासून १० वर ते १० खाली यातली प्रत्येक उंची कुठल्या तरी दिशेनं मिळते, हे तिनं एका वाक्यात सांगितलं. या पृष्ठभागाला प्लूकरचा कोनॉइड म्हणतात.

अथणीकर_उमा

फोटो टाका ना प्लीज. आणि जुईच्या मूळ गणिताचं असं रताळं होणार नाही बरं का, तिथं सगळ्या काड्या मधोमध शून्यालाच येऊन टेकतील. काड्या सरळ राहणार नाहीत, प्रत्येकीला एक कुबड येईल आणि ते कुबड काडीकाडीला मध्याच्या जवळ सरकेल. अजून एक चमत्कार, त्या फलाला मूळबिंदूवर ० किंमत दिली तर तिथं प्रत्येक दिशेला उतार काढता येतो, डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह सगळे आहेत, आणि तरीही सातत्य नाही. एका चलात डेरिव्हेटिव्ह असला की सातत्य आलंच, हे आपण इतकं घोकलेलं असतं की हितं विश्वास बसत नाही.

जांबोटी_जुई

मंडळी, आज सरांना भेटले. मार्क मागायला नाही, बांध दाखवायला. कागदावर काढून दाखवला, (म, म²) वर प्रत्येक रेषा चढते ते दाखवलं. सरांनी नीट ऐकून घेतलं आणि जाताना एक गणित दिलं: (क्ष³ + य³) / (क्ष² + य²), आहे का नाही सांग, कारण दे. वाट एकही काढली नाही. दावं घेतलं.

क्ष³ म्हणजे क्ष गुणिले क्ष². क्ष हा खुंटीपासूनच्या अंतरापेक्षा, म्हणजे र पेक्षा जास्त नाही. तसंच य³. म्हणून वरचा भाग र(क्ष² + य²) पेक्षा जास्त नाही. खालच्यानं भागलं की र उरला. एप्सिलॉन सांगा, दावं तेवढंच बांधते. लिमिट शून्य. बरोबर आहे का काकू?

अनगोळची_काकू

बरोबर, फक्त चिन्ह सांभाळ. क्ष ऋण असला तर "जास्त नाही" म्हणून काही सिद्ध होत नाही, उणे हजारसुद्धा र पेक्षा जास्त नसतो. प्रत्येक ठिकाणी मॉड्युलस, म्हणजे चिन्ह सोडून किंमत, लाव. आधी दोन पदं वेगळी कर, बेरजेचा मॉड्युलस हा मॉड्युलसच्या बेरजेपेक्षा जास्त नसतो हे लिही, मग पुढं जा. पेपर तपासणारा तिथंच मार्क कापतो.

जांबोटी_जुई

होय काकू, वहीत लावलंय, इथं लिहायचं राहिलं. आता इथंही लावते: | क्ष³ + य³ | ≤ |क्ष| क्ष² + |य| य² ≤ र(क्ष² + य²).

हलगा_पीयू

ताई, मी दुसऱ्या पीयूला आहे, हे आम्हाला नाही पण वाचून काढलं सगळं. क्षय / √(क्ष² + य²) चं काय होईल? वर दोन घात, खाली मूळ. मला वाटतं शून्य येणार पण दावं किती बांधायचं ते सुचेना.

जांबोटी_जुई

अरे वा. (|क्ष| − |य|)² हा वर्ग आहे, म्हणजे शून्य किंवा जास्त. तो उलगडून बघ, २|क्ष||य| हे क्ष² + य² पेक्षा जास्त नाही असं मिळेल. म्हणजे वरचा भाग मॉड्युलसमध्ये र²/२ च्या आत, खाली र आहे, उरला र/२. समोरच्यानं एप्सिलॉन सांगितला तर दावं दुप्पट लांब बांधलं तरी चालतंय, २ एप्सिलॉन. शेळीला जरा जास्त चरायला मिळतंय इथं.

हलगा_पीयू

आणि मूळबिंदूवर किंमत शून्य दिली तर सातत्य पण आलं ना?

जांबोटी_जुई

आलं. आता तूच क्षय च्या जागी क्ष²य² घालून बघ आणि दावं किती ते लिही, मी उद्या संध्याकाळी बघते.